उपचारांच्या दोन तारखांमधले दिवस

दर तीन आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीचे एक चक्र 21 दिवसांचे असते आणि त्यांतला एखाद-दुसरा दिवसच रुग्णालयात जातो. बाकीचे सगळे दिवस रुग्ण घरी असतो. ताप येतो तो घरी, तोंड येते ते घरी, अन्नावरची वासना उडते तीही घरीच, आणि रात्री दोन वाजता काय करावे हा प्रश्न घरातल्या माणसांपुढेच उभा राहतो. कोणते औषध किती द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे आणि ते त्यांनीच ठरवावे. परंतु ठरलेल्या तारखेला रुग्ण पुढचा डोस घेण्याइतका धडधाकट राहील का, हे बऱ्याच अंशी या मधल्या दिवसांवर अवलंबून असते, आणि त्यांच्याविषयी घरच्यांना फारच थोडे सांगितले जाते. आमच्या घरात आधी वडिलांना तोंडाचा आणि काही वर्षांनी वहिनीला स्तनाचा कर्करोग झाला. त्या दोन आजारपणांत जे शिकलो आणि जे डॉक्टरांकडून व नर्सताईंकडून पुन्हा पुन्हा विचारून पक्के करून घेतले, तेवढेच येथे लिहीत आहे.

फाइल आणि वही

निदान झाल्याच्या आठवड्यात घरात इतकी धावपळ असते की कागद पिशवीत कोंबले जातात आणि नंतर नेमका हवा तोच सापडत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक जाड फाइल घेऊन बायोप्सीचा अहवाल, स्कॅनचे अहवाल, रक्ताच्या तपासण्या, शस्त्रक्रियेची टिपणे आणि डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावावीत व प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. बायोप्सीचा कागद हाती आला म्हणजे काम संपले असे समजू नये. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथे काचेच्या स्लाइड आणि मेणात जतन केलेला ऊतीचा ठोकळा, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, तोही असतो. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचे झाले तर तिथले डॉक्टर बहुधा स्लाइड आणि ब्लॉकच मागतात, आणि ते मागून घेण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ती सोडून द्यावी. नागपुरात मानेवाडा रस्त्यावरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे आपले मेडिकल आहे, मिहानमध्ये एम्स आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण इथे येतात. गरज वाटल्यास मुंबईच्या परळमधील टाटा मेमोरियल रुग्णालयात मत घ्यावे, पण तिथे ठरलेले उपचार नागपुरातच घेता येतील का, हा प्रश्न तिथेच स्पष्टपणे विचारावा. अनेकदा उत्तर ‘हो’ असे मिळते आणि कुटुंबाचे परगावी महिनोन्‌महिने राहणे वाचते. मानेवाड्याच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे त्या तुकडोजी महाराजांचे 1968 साली निधन झाले तेही कर्करोगानेच. त्या फाटकातून आत जाताना वडिलांना ही गोष्ट आठवायची आणि त्यांना तिचा आधार वाटायचा.

फाइलइतकीच महत्त्वाची असते ती वही. आमची दोनशेपानी, निळ्या पुठ्ठ्याची, मुलाच्या शाळेच्या सामानातून उरलेली होती. डाव्या पानावर तारीख, केमोनंतरचा कितवा दिवस, सकाळ-संध्याकाळचा ताप, शौचाला झाले की नाही, किती वेळा उलटी झाली आणि कोणती गोळी किती वाजता दिली, एवढे लिहायचो; दर रविवारी वजन; आणि उजवे पान डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांसाठी मोकळे. बाह्यरुग्ण विभागात आपल्या वाट्याला येणारा वेळ थोडा असतो आणि त्या वेळी आठवणीवर विसंबले की नेमके विचारायचे तेच राहून जाते. पहिल्या पानावर मात्र चार प्रश्नांची उत्तरे असलीच पाहिजेत: आजार कोणत्या टप्प्यात आहे, उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की ताब्यात ठेवण्यासाठी, एकूण किती डोस किंवा किती दिवस, आणि रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. दुसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तो विचारावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर बेतलेले असतात.

ताप म्हणजे तातडी

या लेखातले एकच काही लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे. केमोनंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सर्वांत खाली जातात. या काळात शरीराला जंतूंशी लढण्याचे बळ नसते. त्यामुळे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, अथवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग थरथरू लागले, तर सकाळची वाट न पाहता लगेच फोन करून रुग्णालयात जावे आणि दारातच ‘केमो चालू आहे आणि ताप आला आहे’ असे स्पष्ट सांगावे. अशा वेळी अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला होणारा प्रत्येक तासाचा उशीर महागात पडू शकतो.

आमची चूक झाली ती इथेच. वहिनीला दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी रात्री 101 ताप आला. घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिने स्वतःच घेतली, तासाभरात ताप उतरला आणि आम्ही सगळे निर्धास्त झोपलो. पहाटे ती हुडहुडी भरून जागी झाली तेव्हा तिचे ओठ निळसर पडले होते. पुढचे सहा दिवस ती रुग्णालयात होती आणि तिसरा डोस लांबला. गोळीने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. म्हणून थर्मामीटर लावण्याआधी आणि डॉक्टरांना विचारण्याआधी तापाची गोळी देऊ नये. थर्मामीटर डिजिटल असावा, रुग्णाचा स्वतंत्र असावा. तोंड आलेले असेल तर काखेत लावावा, पण काखेतले माप तोंडातल्या मापापेक्षा थोडे कमी येते हे ध्यानात ठेवावे. या दिवसांत एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची कोणतीही गोळी परस्पर वापरू नये.

संसर्ग टाळण्यासाठी घर निर्जंतुक करण्याची गरज नाही. साबणाने हात धुणे पुरेसे प्रभावी असते, आणि ते रुग्णापेक्षाही त्याच्याभोवती वावरणाऱ्यांनी अधिक करायचे असते. सर्दी-खोकला झालेल्या पाहुण्याला ‘फोनवर बोला’ असे नम्रपणे सांगावे. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एका गोष्टीकडे पाहावे लागते, ती म्हणजे कूलर. टाकीतले पाणी दिवसेंदिवस तसेच राहिले आणि जाळ्यांतले गवत मागच्या वर्षीचे असले की त्यात बुरशी धरते, आणि तीच हवा रात्रभर रुग्णाच्या छातीत जाते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला गवत बदलावे, टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून घासावी आणि झोत थेट अंगावर येणार नाही असा ठेवावा.

केमोनंतर पहिले दोन दिवस, म्हणजे साधारण 48 तास, रुग्णाच्या लघवी, शौच आणि उलटीतून औषधाचा अंश बाहेर पडतो. ती साफ करताना हातमोजे घालावेत, संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि मळलेले कपडे वेगळे धुवावेत. घरात गर्भवती स्त्री असल्यास हे काम तिला देऊ नये. एवढी काळजी सोडली तर रुग्णाला जवळ घेण्यात, नातवाला त्याच्या मांडीवर बसवण्यात काहीही धोका नाही. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी काढण्याला काही अर्थ नाही आणि त्याने माणूस आतून फार दुखावतो.

जेवण

उलटीची औषधे उलटी झाल्यावर घ्यायची नसतात, ती होऊ नये म्हणून घ्यायची असतात. पहिल्या दिवशी बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशीची गोळी चुकवली की तिसऱ्या दिवशी मळमळ आवरत नाही. यांतल्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, त्यासाठीचे औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

भूक नसलेल्या माणसापुढे भरले ताट ठेवले की त्याची उरलीसुरली भूकही जाते. दर दोन-अडीच तासांनी वाटीभर द्यावे. फोडणीचा वास अनेकांना असह्य होतो, म्हणून फोडणी देताना रुग्णाला दुसऱ्या खोलीत बसवावे आणि अन्न गरमागरम न देता कोमट किंवा गार करून द्यावे, कारण गार अन्नाला वास कमी येतो. तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा द्यावा. मऊ वरण-भात तूप घालून, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, उकडलेले अंडे, घरचे ताजे दही, पनीर, दूध-सातू हे सगळे चालते. प्रथिने पुरेशी जावीत एवढे पाहावे. सावजी रस्सा, झणझणीत पातोडी आणि बाहेरचा उसाचा रस, कापून ठेवलेली फळे, बर्फाचा गोळा हे मात्र उपचार संपेपर्यंत लांब ठेवावे. संत्रे स्वच्छ धुऊन घरी सोलले तर चांगलेच आहे, पण तोंड आलेले असताना ते झोंबते, तेव्हा केळे किंवा पपई बरी.

तोंड आले की पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-सहा वेळा गुळण्या कराव्यात, मऊ ब्रश वापरावा आणि अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावे. बाजारू माउथवॉशवर आम्ही बराच खर्च केला; उपयोग झाला तो या मीठ-सोड्याचा.

आता ज्या विषयावर प्रत्येक नातेवाइकाचे मत असते त्याबद्दल. ‘साखर बंद केली की गाठ उपाशी मरते’ हे खरे नाही. त्याने गाठ नव्हे, रुग्ण उपाशी राहतो. मधुमेह असेल तर पथ्य डॉक्टर सांगतील, नसेल तर चहातली साखर काढून घेऊन त्याच्या जिवाला आणखी एक जाच लावू नये. काढे, चूर्णे, भस्मे, कोणाच्या गावच्या वैद्याची पुडी यांतले काही रुग्ण घेत असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. यांतली काही द्रव्ये यकृतावर ताण आणतात, काही केमोच्या औषधाशी झगडतात, आणि मग बिघडलेल्या अहवालाचे कारण शोधण्यात डॉक्टरांचे आठवडे जातात. उपवासही या काळात बाजूला ठेवावेत.

रेडिएशन आणि खर्र्याचे तोंड

रेडिएशनला आपल्याकडे कित्येक जण नुसते ‘शेक’ म्हणतात. ते बहुधा आठवड्याचे पाच दिवस, काही मिनिटेच असते; दुखत नाही, आणि बाहेरून दिलेल्या रेडिएशनने रुग्णाच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. अंगावर काढलेल्या खुणा पुसू नयेत. त्या जागी हळद, तेल, उटणे, पावडर काहीही लावू नये. कोमट पाण्याने हलक्या हाताने धुऊन टिपून घ्यावे आणि सैल सुती कपडे घालावेत. एप्रिल-मेमध्ये दुपारची वेळ मिळाली असेल तर ती सकाळची करून मिळते का ते विचारावे आणि बाहेर पडताना मऊ सुती दुपट्ट्याने तो भाग झाकावा. त्वचेचा त्रास शेवटच्या दिवसानंतरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो, त्याने घाबरून जाऊ नये.

विदर्भात तोंडाचा कर्करोग इतका दिसतो त्यामागे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. वडिलांनी तो चाळीस वर्षे खाल्ला. सुपारीने जबडा आधीच आखडलेला असतो, त्यावर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाले की तो आणखी आवळत जातो, आणि एकदा आवळला की सैल होणे अवघड. यावरचा उपाय स्वस्त आहे, फक्त चिकाटीचा आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, तोंड ताणलेले काही वेळ ठेवायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. दिवसातून पाच-सहा वेळा, आणि काही दिवसांनी आणखी एक काडी वाढवायची. सुरुवात कधी करायची ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच ठरवावे. वडील ओसरीत पाठ टेकून बसायचे, डोळ्यांतून पाणी यायचे, पण काड्या सोडायचे नाहीत. आठ काड्यांपासून सुरुवात करून चार महिन्यांत ते चौदावर आले, आणि चौदा काड्यांच्या फटीतून पोळीचा घास जातो.

तोंडाच्या किंवा गळ्याच्या रेडिएशनआधी दंतवैद्याकडून दात तपासून जे काढायचे ते काढून घ्यावेत. नंतर, अगदी वर्षांनीही, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नये. किरण लागलेल्या जबड्याचे हाड भरून येत नाही आणि जखम चिघळते.

नाकातून नळी असेल तर रुग्णाला उठवून बसवूनच अन्न द्यावे आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवे होऊ देऊ नये. पातळ केलेले अन्न सुती कापडातून गाळून घ्यावे, आधी आणि नंतर नळीतून स्वच्छ पाणी सोडावे, नाकापाशी नळीवर खूण करून ती रोज पाहावी. नळी निसटली तर घरी पुन्हा घालण्याचा प्रयत्न करू नये. कोणती गोळी कुटून देता येते आणि कोणती येत नाही, हे आधीच विचारून वहीत लिहावे.

वहिनीच्या काखेतल्या गाठी काढल्या होत्या. अशा वेळी त्या बाजूच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, आणि शिकवलेले हाताचे व्यायाम सोडू नयेत. हातावर सूज दिसताच दाखवावे.

पैसा आणि प्रवास

कोणतीही रक्कम भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनांचे काम पाहणाऱ्या माणसाकडे जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सर्व त्यात येते. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते, मागाहून बिले दाखवून पैसे परत मिळत नाहीत. शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का ते आधी पाहावे. एका वेलांटीपायी अर्ज अडकल्याचे मी स्वतः पाहिले आहे. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करता येतो.

रेल्वेत कर्करुग्णाला शयनयान आणि थ्री-टियर एसीत तिकीट पूर्ण माफ असते आणि सोबत्याला त्याच वर्गांत 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र लागते. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे टाटाच्या रुग्णांना आसरा देत आली आहे. शहरातल्या शहरात, वर्धा रोडने मेट्रो खापरीपर्यंत जाते. जामठा त्याच्या पुढे आहे, तेव्हा पुढच्या वाहनाची सोय आधी करून ठेवावी.

वेदना

दुखणे सोसण्यात काही पुण्य नाही. दुखणे असह्य झाल्यावर गोळी देण्यापेक्षा घड्याळ लावून ठरल्या वेळी द्यावी, म्हणजे ते डोके वर काढत नाही. मॉर्फिनचे नाव ऐकताच घरचे घाबरतात, पण कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र होते, म्हणून त्यासोबत पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्यावे. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने हे औषध रुग्णांना मिळणे सोपे झाले आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे ‘आता काही उरले नाही’ असेही नव्हे. वेदना, मळमळ, निद्रानाश, भीती यांवरचे हे उपचार पहिल्या दिवसापासून, मुख्य उपचारांबरोबरच घेता येतात.

सांभाळणारा

आजाराचे नाव रुग्णापासून लपवण्याची रीत आपल्या घरांत अजून आहे. आम्हीही वडिलांना दोन आठवडे ‘गाठ आहे, साधी आहे’ असे सांगत राहिलो. मानेवाड्याच्या रुग्णालयाची पाटी त्यांनी स्वतः वाचली, आणि मग म्हणाले, ‘मला वाचता येते रे.’ रुग्ण जेवढे विचारतो तेवढे खरे सांगावे. त्याने अधिक विचारले नाही तर अधिक सांगण्याचा आग्रह धरू नये.

भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना ‘काही लागलं तर सांगजो’ म्हणतो, आणि मनापासूनच म्हणतो. त्याला तिथेच काम सांगावे. मंगळवारचा डबा तुम्ही आणा, रेडिएशनला गुरुवारी तुम्ही घेऊन जा, रक्ताचा अहवाल तुम्ही आणून द्या. असे सांगितल्याने लोक दुखावत नाहीत, उलट त्यांना बरे वाटते. सगळी कामे एकाच व्यक्तीने, आणि ती बहुधा घरातली बाईच असते, उपसू नयेत. आमच्याकडे आईने चार महिने रात्रपाळी कोणाला दिली नाही आणि पाचव्या महिन्यात तिचा रक्तदाब इतका वाढला की आम्ही एकाच आठवड्यात दोघांना घेऊन दवाखान्यात होतो. आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्याने जागावे. झोप उडाली, सारखे रडू येऊ लागले किंवा कशातच जीव रमेनासा झाला, तर रुग्णाने असो वा सांभाळणाऱ्याने, टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

उपचार संपल्यानंतरही वही बंद करू नये. पहिली दोन वर्षे तपासण्या जवळजवळ असतात, नंतर त्यांतले अंतर वाढत जाते. प्रत्येक तारीख त्याच वहीत लिहावी. नवी गाठ लागली, दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, गिळताना अडखळू लागले, कारण नसताना वजन उतरू लागले किंवा खोकला हटेना, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फाइल घेऊन डॉक्टरांकडे जावे.